निशानं पाळलेला शब्द

अकलोली
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रिय मृणाली,

अनेक आशीर्वाद. मनोजरावांना नमस्कार. निशाला गोड पापा. ती आता दहाची झाली, तिला मामाचा पापा चालतो की नाही कुणास ठाऊक.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. अंजूरला आता शेतांपेक्षा गोदामं जास्त, तरी पोस्टमन तुमचं घर शोधील. तुम्ही वरचा मजला चढवल्याचं आक्काकडून कळलं. बरं झालं, खाडीवरचा वारा लागेल.

मी आज आपल्या मळ्यावर आलोय. दुपारी इथं सगळं पेंगतं. तानसा नदीचं पाणी खडकांच्या खळग्यांत निजून आहे. गरम पाण्याच्या कुंडांवरची वाफ उन्हात दिसत नाही, नुसती पलीकडची झाडं हलल्यासारखी वाटतात. चिंचेखाली बाज टाकून पडलो की अर्ध्या झोपेत जुनी माणसं ऐकू येतात. बाबा बैलांना हाका घालतात. तू मागून ओरडतेस, ‘दादूस, थांब ना रं!’ डोळे उघडावेत तर नुसते होले घुमत असतात.

मुद्द्याचं सांगतो. मुलांचं शिबिर यंदा पुन्हा घेतोय. गेल्या वर्षी निशा तिथून आल्यावर आजारी पडली, त्यामुळे हे वाचून कागद फाडावासा वाटेल, पण फाडण्याआधी पुढचं वाच.

आमच्या शाळेतली पोरं कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्मली. त्यांना नदीत पाय बुडवायला दुसरं कोण नेणार? पण या वेळी शमीम सिस्टर सोबत आहेत. चौतीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी बजावलं, ‘सर, नीट करायचं असेल तर करा, नायतर राहू द्या.’ त्यांच्या सांगण्यावरून मळ्यातलं गवत घोट्याच्या खाली कापून घेतलं. शेळ्या महिनाभर आधीच ओढ्यापलीकडे हलवल्या. कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून आणलं. मुलांनी फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणायचे, म्हणजे गोचीड चढली तर दिसते. विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे. रोज संध्याकाळी आंघोळीआधी प्रत्येकाची तपासणी: कानामागे, केसांत, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नाही, जाळणं नाही, नखानं चिरडणं तर अजिबात नाही.

आणि पालकांना त्याच दिवशी कळवायचं. हा नियम सिस्टरनी कागदावर दोनदा लिहायला लावला.

गेल्या वर्षी यातलं काही ठाऊक नव्हतं गं. कुणालाच नव्हतं.

निशा कानातलं यंत्र वापरते का? शाळेत कुणी चिडवत नाही ना? दोन ओळी लिही.

तुझा,
दादूस


अकलोली
मंगळवार, २० मे २०२५

प्रिय मृणाली,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो.

शिबिर झालं. चोवीस मुलं, सात दिवस. पहाटे कुंडांवर वाफ इतकी दाट असायची की काठावर पाय सोडून बसलेली मुलं दिसायचीच नाहीत, वाफच हसतेय असं वाटायचं. संध्याकाळी मुली एकीमागे एक बसायच्या आणि पुढचीच्या केसांत बोटं घालून बघायच्या. ऊन तिरपं झालेलं, कुणी गुणगुणतंय, कुणाला गुदगुल्या होतायत. लांबून बघताना मला वाटायचं, हे असंच चालू राहावं, कुणी मोठं होऊ नये, कुणाला काही होऊ नये.

तिसऱ्या दिवशी जोयाच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली. तिळाएवढी. जोया आठ वर्षांची, तिचे वडील शादाब लूमवर कामाला आहेत. सिस्टरनी चिमट्यानं ती काढली, जागा साबणानं धुतली, गोचीड कागदावर चिकटपट्टीखाली ठेवली आणि तारीख टाकली. मग फोन माझ्या हातात दिला.

मृणाली, तो नंबर लावण्याआधी मी दोनदा फोन खाली ठेवला.

‘कीड़ा काटा है?’ शादाबनं विचारलं.

‘हां. निकाल दिया है. दो हफ्ते में बुखार आया तो ये कागज लेके सीधा डॉक्टर के पास जाना.’

‘ऐसी जगह है, पहले बोलते तो मैं भेजता ही नहीं, सर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर आला आणि तिला घेऊन गेला. बातमी पसरली, आणखी दोघांचे पालक आले. एकवीस मुलं राहिली. ज्याची मला इतकी वर्षं धास्ती होती, ते झालं. आणि बघ, त्यानं काहीच बिघडलं नाही. उरलेल्या पोरांनी त्या दिवशी नदीत होड्या सोडल्या.

चौदा तारखेला जोयाला ताप चढला. शादाब कागद घेऊन गेला, डॉक्टरांनी तो पाहून त्याच दिवशी औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. परवा तो मुद्दाम मळ्यावर भेटायला आला. ‘डॉक्टर बोला, कागज था इसलिए जल्दी समझ गया.’ मग जाता जाता त्यानं विचारलं, ‘सर, आपको कैसे मालूम था कि बताना इतना जरूरी है?’

त्याचं उत्तर तुझ्या हक्काचं आहे. ते तुला देतोय.

माझ्या मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, हे. मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी निशाच्या डाव्या कानामागे गोचीड होती. मी पाहिली होती. मीच काढली होती.

त्या दिवशी मुलं शेळ्यांच्या पिल्लांशी खेळून आली होती. निशा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, ‘मामा, इथं खाजतंय.’ मी नखानं ओढून काढली, दगडावर चिरडली. ती रडायला लागली. तेव्हा मला तिच्या रडण्याची नाही, इतर मुलांनी ते ऐकण्याची भीती वाटली. एकानं घरी सांगितलं की सगळे पालक दारात उभे. मी तिला म्हटलं, ‘आईला सांगू नको हां. नायतर ती तुला परत कधी पाठवणार न्हाय. मामाला शब्द दे.’

तिनं दिला.

पुढं ताप आला आणि तू मला फोन केलास. तुझा आवाज अजून तसाच कानात आहे. ‘दादूस, तिकडं तिला काय चावलं होतं का रं?’ मी म्हटलं, ‘न्हाय गो, काय न्हाय.’

एवढ्यावरही थांबलं नाही. मी दवाखान्यात आलो होतो, आठव. डॉक्टर निशावर वाकून विचारत होते, ‘बाळ, काही चावलं होतं का? आठवतंय?’ तू पाण्याची बाटली उघडत होतीस, तुझी पाठ होती. निशानं डॉक्टरांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी तेव्हा नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग ती म्हणाली, ‘न्हाय.’

नऊ वर्षांचं पोर तापानं फणफणत होतं आणि मामाला सांभाळत होतं. त्यानंतर तळहातांवर ठिपके उठेपर्यंत चार दिवस गेले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी कानामागची खपली शोधली आणि हा गोचिडीचा ताप आहे, हे कळलं. तिच्या कानाचं नुकसान त्या चार दिवसांतच झालं का, मला माहीत नाही. पण ते चार दिवस माझे आहेत.

हेडमास्तरांना काल सगळं सांगितलं. शिबिर माझ्याकडं ठेवायचं की नाही, ते ठरवतील. शमीम सिस्टरनाही सांगितलं. त्या ताटातला भात तसाच ठेवून उठल्या.

माफी मागत नाही. एकच कर. निशाला सांग, मामानं तिला त्या शब्दातून मोकळं केलं. आता तिनं कुणालाही, काहीही सांगावं.

खाली ‘दादूस’ लिहायला हात धजत नाही.

पंढरी


अंजूर
३ जून

पंढरीदादा,

पत्र पोचलं. चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते, पण गॅस आला तेव्हापासून चूलच नाही.

तुला वाटत होतं मी रागानं फोन उचलत नाही. मी लाजेनं उचलत नव्हते.

निशा शिबिराहून आली त्यानंतर चार-पाच दिवसांनी तिची वेणी घालताना मला कानामागे काळी खपली दिसली होती. वाटलं, घामोळं खाजवलं असेल. हळद लावली आणि विसरले. त्या डॉक्टरबाईंनी केस बाजूला करून दाखवली, तेव्हा मी म्हणाले, ‘अगोबाई, हे मी आताच बघतेय.’ मनोजलाही सांगितलं नाही. वर्षभर तिच्या केसांत कंगवा घातला की मी आधी कानामागे बघायचे. तुझ्याशी बोलले असते तर रडून सगळं सांगून टाकलं असतं, आणि तू माझी समजूत घातली असतीस. तू! त्याचाच आता संताप येतो. फोनवर तू ‘होय गो, चावलं होतं’ एवढं म्हटलं असतंस, तर मला ती खपली तिथल्या तिथं आठवली असती. हे मी विसरणार नाही. तूही विसरायला सांगू नको.

काल निशाला तुझा निरोप दिला. आम्ही नव्या मजल्यावर होतो. खाडीला भरती येत होती, मिठागरांच्या बाजूनं सगळं पांढरं पांढरं दिसत होतं. तिकडं बघतच तिनं ऐकलं. मग म्हणाली, ‘मंग मामाला आता भीती न्हाय वाटत?’

म्हटलं, ‘वाटते. पण सांगितलं त्यानं.’

मग ती माझ्या कुशीत आडवी झाली आणि बोलत सुटली. वाफेत बोटानं चित्रं काढली ते, शेळीच्या पिल्लानं तिची ओढणी खाल्ली ते, शिबिरात रांधणाऱ्या रंगूबाईंच्या हातची तांदळाची भाकरी. दादा, गेल्या वर्षी परत आल्यापासून तिनं शिबिराचं अक्षरही काढलं नव्हतं. मला वाटायचं, आजारपणात विसरली असेल. एक गोष्ट लपवायची म्हणून तिनं सगळे दिवस लपवले होते. ती संध्याकाळ तिनं सगळ्यात शेवटी सांगितली. सांगून झाल्यावर तिथंच झोपली. ऊन उतरेपर्यंत मी हललेही नाही.

नंतर मी मनोजला माझ्या हळदीचं सांगितलं. तो खूप बोलला मला. मग उठून त्यानंच चहा टाकला.

तू एवढ्यात इकडे येऊ नकोस. मी बोलवीन तेव्हा ये. निशाला भेटायचं की नाही ते निशाच ठरवील, तिच्यावर आता कुणाचंच ओझं नको.

शिबिर बंद करू नका म्हणून तुझ्या हेडमास्तरांना मी वेगळं पत्र पाठवलंय. तुला ठेवा असं मी त्यात लिहिलेलं नाही. लिहिलंय ते हे, की पुढच्या मे महिन्यात सातही दिवस मी स्वतः येईन आणि पोरींचे केस मी बघीन. तू तिथं असलास तर असलास.

अजून रागात, पण तुझीच बहीण,
मृणाली