आपल्या दारातला बांबू

सुआर्ताच्या बाबांना देनपसारहून माझा नमस्कार.

इथं सगळे मजेत. गालुंगानचा सण झाला, तरी घरात नारळाच्या कोवळ्या पानांचा वास आहे. नात कोमांग माझ्याजवळ बसून बांबूच्या काडीनं पानं टाचायला शिकली. बोटात काडी घुसली तरी पोरगी हसतेच! तुमचा गुडघा कसा आहे?

तिनं फोनमध्ये गावच्या आपल्या दारातल्या, सणासाठी पानांच्या विणकामानं सजवलेल्या बांबूचा फोटो दाखवला. मी म्हटलं, "बघ, आजोबांनी एकट्यानं सगळं विणलंय!"

"अगं आजी, स्टेपलरच्या पिना चकाकतायत. बाजारातलं आहे हे!"

आणि मला तुम्ही म्हणालात, विणून बोटं सोलवटली. मी शेजारणींना कौतुकानं सांगत सुटले होते हो. देवाच्या नावानं खोटं, तेही माझ्याशी?

बांबू तरी तुम्हीच उभा केलात ना? खरं कळवा.

सुआर्ताची आई