सौंसरच्या मशीनमधले कागद

१० नोव्हें., सोमवार

तिसऱ्या पिरियडला फोन वाजला. जर्मनीचा नंबर, पण प्राचीचा नाही. एक बाई इंग्रजीत बोलून राहिली होती, लहान मुलाला समजावतात तशी सावकाश. तुमची मुलगी वॉर्डात पेशंटला औषध देता देता कोसळली. आमच्याच दवाखान्यात आयसीयूत आहे. श्वासाची नळी लावली आहे.

अंगात ताप होता म्हणे बरेच दिवस. मला फोनवर रोज "मस्त आहे आई" सांगत होती.

मी व्हरांड्यात उभी. आत पोरं पाढे म्हणून राहिली होती, थांबवायचं सुचलंच नाही. हेडसरांना काय सांगितलं तेही आठवत नाही.

दुकानात गेली. हे फवारणीचा पंप उघडून बसले होते. सांगितलं. पंप तसाच ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या." 

११ नोव्हें., मंगळ.

त्याच बाईचा फोन. ती तिथल्या वॉर्डाची सेक्रेटरी. प्राचीच्या हृदयात इन्फेक्शन आहे. ती लहान असताना नागपूरला हृदयाचं भोक बुजवायला जे बटण बसवलं होतं, त्यालाच धरून वाढलं आहे. ऑपरेशन करावं लागेल. पण उघडायच्या आधी त्यांना पाहिजे की ते बटण कोणतं, कशाचं, केवढं, कसं बसवलं.

आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. त्यावर "प्रकृती समाधानकारक". बाकी काही नाही.

मी म्हटलं, नागपूरहून काढते, व्हॉट्सअॅपवर पाठवते. ती म्हणाली नाही. पेशंटचे कागद मोबाईलवर घेत नाही, कायदा आहे. पोस्टानं किंवा फॅक्सनं. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. फॅक्स. पोरीला नळी लावली आहे आणि हे लोक फॅक्स मागून राहिले.

आणखी काही म्हणाली, "इथली फॅमिली हजर आहे" असं काहीसं. माझं इंग्रजी कच्चं, तिचंही. सोबतच्या नर्सा असतील.

हे संध्याकाळी झेरॉक्सवाल्यांकडे फिरून आले. पांढुर्णा जिल्हा झाला, पण फॅक्स कोणाकडे नाही. एक पोरगा हसला म्हणे.

१२ नोव्हें., बुध.

सी.एल. टाकली, ह्यांच्यासोबत निघाली. सौंसर. विलासभाऊजींच्या (ह्यांचे धाकटे भाऊ, वकील) ऑफिसात जुनं मशीन आहे, लँडलाइन पण चालू. बोरगावचे पक्षकार बसले होते, त्यांना भाऊजींनी परत पाठवलं.

नागपूरला फोन लावला. बटण बसवणारे ते सर्जन आता म्हातारे, पण दवाखाना आहे आणि फाइली आहेत. देव पावला. रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "सर रेकॉर्ड मोबाईलवर देऊ देत नाहीत, मॅडम. फॅक्स चालेल. पण आमच्या लाइनवर फोन येते फक्त, लागत नाही. मी कागद मशीनमध्ये पोलिंगला लावून ठेवते. तुम्ही फोन लावा आन ओढून घ्या."

पोलिंग म्हणजे मला इलेक्शन ड्यूटीच माहीत. भाऊजींनी मशीनचं पुस्तक कपाटावरून काढलं, धूळ झटकली, आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो. खरंच होतं की! समोरच्यानं कागद आपल्या मशीनमध्ये ठेवायचे, आपण फोन लावायचा, आणि पाठवायच्या ऐवजी मागायचे. बटण दाबलं. नागपूरला फोन लागला, शिट्टी झाली, आणि आमच्या मशीनमधून कागद बाहेर यायला लागला.

चार पानं. डॉक्टरांच्या हातचं हृदयाचं चित्र, मधे गोल. बाजूला बटणाच्या डब्याचं लेबल चिकटवलेलं. "मुलगी, वय ६." रडू नाही आलं. चित्राकडे पाहत राहिली. आपल्या पोरीच्या आतलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता हेच पुढे पाठवायचे, तर भाऊजींच्या फोनला आयएसडी नाही. अर्ज करा, मग चालू होईल. कधी? "सांगता येत नाही." हे खुर्चीतून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मीच म्हटलं, "भाऊजी, आपण नागपूरचे ओढले, तसे ते आपले ओढतील ना?"

"अरे हाव! फोन तं त्यांचाच लागन!"

सेक्रेटरीबाईला सांगितलं तर तिला लगेच समजलं. त्यांच्याकडे यासाठी वेगळा शब्दच आहे म्हणे. इथला नंबर लिहून घेतला. पुस्तकात होतं की कोड टाकता येतो, म्हणजे दुसऱ्या कोणी ओढू नये. भाऊजी म्हणाले, "राहू द्या वहिनी. कोड चुकला तं आणखी घोळ. कोण येऊन राहिलं सौंसरचा कागद पळवायला?"

कागद मशीनमध्ये लावून बसून राहिलो. रात्री दहाच्या सुमारास मशीन वाजलं, शिट्टी, घरघर. मग एक चिठ्ठी बाहेर आली. पोलिंग, चार पानं, ओके. ह्यांनी मशीनला हात जोडले.

१३ नोव्हें., गुरु.

दुपारी शाळेत सेक्रेटरीबाईचा फोन. आम्ही आत्ता तुमच्या मशीनला फोन केला, त्यात कागद नाहीत.

मी म्हटलं, काल गेले की. ती म्हणाली, आम्ही काल केलाच नाही. माझी सुट्टी झाली होती.

 भाऊजींना फोन. त्यांनी चिठ्ठी काढून नंबर वाचला. सुरुवात ४९, म्हणजे जर्मनीचाच. मी तो बाईला सांगितला. "हा आमचा नंबर नाही." बाईचा आवाज पहिल्यांदा घाबरलेला वाटला. एकदा ओढले की मशीन आपल्या पोटातले कागद पुसून टाकते, म्हणून आज त्यांना रिकामं मिळालं.

म्हणजे माझ्या पोरीच्या हृदयाचे कागद कोणा तिऱ्हाइताकडे गेले. कोणाकडे? काय करणार तो? काही समजून नाही राहिलं.

ह्यांनी दुकानाचं शटर पाडलं. मोटरसायकलनं सौंसर. भाऊजी स्वतःवरच ओरडत होते. "मीच म्हटलो कोड नको! वकील झालो म्हणतो मी!" कागद पुन्हा लावले, कोड टाकला, बाईला सांगितला. थोड्या वेळात मशीन वाजलं. बाईचा फोन आला, मिळाले, स्वच्छ आहेत, सर्जनकडे दिले.

मला तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण तो नंबर डोक्यातून जाईना. मोबाईलवरून लावला. आधी कानात कर्कश शिट्टी. पुन्हा लावला. एका बाईनं उचलला, जर्मनमध्ये काहीतरी. मला एकच शब्द सुचला. म्हटलं, "प्राची."

"आह, प्राची!" ती म्हणाली आणि दूर तोंड करून हाक मारली, "सिबी! सिबी!"

धावत आल्यासारखी पावलं. मग एका पुरुषाचा आवाज, हिंदीत.

"हॅलो? आंटी? प्राची की मम्मी बोल रही है?"

"आप कौन?"

दार लावल्याचा आवाज आला. श्वास ऐकू येत होता.

"मम्मी, मैं सिबी. मैं प्राची का हस्बैंड है."

फोन स्पीकरवर होता. हे समोर होते. भाऊजी समोर होते.

तो भराभरा बोलत गेला. केरळचा आहे. तिथं वृद्धाश्रमात काम करतो, तोही नर्स. काल संध्याकाळी सेक्रेटरी निघून गेली, तिच्या टेबलावर सौंसरचा नंबर होता. वॉर्डातल्या बाईनं त्याला दिला. कारण तो नवरा. सकाळपर्यंत कोण थांबेल म्हणून तो पळत आपल्या वृद्धाश्रमात गेला, तिथल्या मशीनवर कागद ओढले, पळत परत गेला आणि आयसीयूच्या डॉक्टरच्या हातात दिले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ते पाहून तयारी पण सुरू केली आहे. "सॉरी मम्मी. आपको बताना था. मेरे को डर लगा."

माझा नंबर पहिल्या दिवशी दवाखान्याला दिला तो पण त्यानंच.

मी काय बोलली? "अच्छा." एवढंच. अच्छा.

१४ नोव्हें., शुक्र.

शाळेत बालदिन. पोरांनी भाषणं केली, मी टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये लग्न झालं. तिथल्या कचेरीत, चार लोकांसमोर. आणि मे महिन्यात ही इथं आली होती! इथं, या घरात, याच सोफ्यावर बसून मी तिला मुलांचे फोटो दाखवले. छिंदवाड्याचा इंजिनिअर, अमरावतीचा प्राध्यापक. एकाचं नाक पाहून दोघी किती हसलो. ती हसत होती. लग्न झालेलं होतं आणि हसत होती.

मी तिची आई आहे. मला चेहऱ्यावरून समजतं असं मी लोकांना सांगते.

हे काल सौंसरहून निघाल्यापासून बोलले नाहीत. आज फक्त, "ख्रिश्चन आहे का?" मी म्हटलं, विचारलं नाही. "हं." पाणी प्यायले, दुकानात गेले.

राग यायला पाहिजे. येतो आणि मधेच ती नळी आठवते. मग राग कुठं ठेवावा ते समजत नाही.

१५ नोव्हें., शनि.

आज ऑपरेशन. सिबीनं दुपारी फोन केला. आत नेलं.

तो तासातासानं कळवत राहिला. "अभी कुछ नहीं मम्मी." "अभी भी अंदर." एकदा फोन केला आणि मला नुसतं रडणं ऐकू आलं. मीच म्हटलं, "बेटा, पानी पियो." तोंडातून निघालं. बेटा. ह्यांनी वर पाहिलं.

हे फोन हातात घेत नाहीत. पण तो वाजला की पंखा बंद करतात, नीट ऐकू यावं म्हणून.

अंधार पडल्यावर शेवटचा फोन. बटण काढलं, नवीन ठिगळ लावलं, हृदय आपलं आपण चालू झालं. कागदावर बटण कुठं कसं अडकवलं ते लिहिलं होतं म्हणून वेळ वाचला, सर्जननं तसं सांगितलं. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे.

ह्यांनी पंखा पुन्हा लावला. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. नळ खूप वेळ चालू होता.

१७ नोव्हें., सोम.

ताप उतरला. नळी काढली. बोलते आहे, पण आवाज बसला आहे.

पण सिबीनं एक अडचण सांगितली. प्राचीला माहीतच नाही की आम्हाला समजलं. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं तर, "घरी काय सांगितलंस?" तो म्हणाला, काही नाही, फक्त तब्येतीचं. तिला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणतात हृदयाला धक्का नको, ताण नको, थोडे दिवस सांभाळा.

"मम्मी, अभी उसको मत बोलना. पापा को भी बोलो. वो ठीक हो जाए, फिर वो खुद बोलेगी."

म्हणजे आता आम्ही लपवायचं. तिनं आमच्यापासून लपवलं ते आम्हाला माहीत आहे, हे आम्ही तिच्यापासून लपवायचं. डोकं फिरायची वेळ आली आहे. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं." विलासभाऊजींनाही सांगून ठेवलं. ते म्हणाले, "वहिनी, मी तं कोर्टात लपवतो रोज. तुम्ही दोघं पाहा."

१९ नोव्हें., बुध.

आज व्हिडिओ कॉल. प्राची उशीला टेकून बसलेली. चेहरा एवढासा झाला आहे, ओठ फाटलेले. मला पाहून हसली. मी ठरवलं होतं रडायचं नाही, नाही रडली. हे माझ्या मागे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानात बसायला कधी घालत नाहीत.

"बाबा, बारीक झाले तुम्ही," ती म्हणाली.

"तू पाहून राहिली आरशात?" हे म्हणाले. किती दिवसांनी एवढं सलग वाक्य.

मग ती म्हणाली, "आई, खूप मदत केली इथं सगळ्यांनी. थांब, दाखवते." फोन फिरवला. खिडकीपाशी एक उंच, सावळा मुलगा, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. अंगात कामाचा निळा सदरा. "हा सिबी. माझ्यासोबत काम करतो. फ्रेंड आहे."

सोबत काम करतो. फ्रेंड. अजूनही खोटं! आणि किती सहज म्हणाली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, "हो का. नमस्ते." माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता झालं, आता काहीतरी बोलतील आणि पोरीचं हृदय... मी त्यांचा हात धरला. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा, आणि त्या मुलाला म्हणाले,

"जवाई, सोये के नहीं कुछ? आँखें देखो अपनी."

जवाई.

त्यांना समजलंच नाही काय निघालं तोंडातून. मग समजलं. फोन तसाच धरून राहिले, पुतळ्यासारखे. सिबीनं मान वर केली. तिकडे फोन प्राचीच्या हातात होता, तो हलला, छत दिसलं, पडदा दिसला, मग तिचा चेहरा, अगदी जवळून. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तोंड उघडं. बाजूचं मशीन जोरात टिकटिकायला लागलं ते इथं आम्हाला ऐकू आलं. एका नर्सचा आवाज आला, सिबीचा आला, "प्राची, प्राची, लंबा श्वास, लंबा."

ती एवढंच म्हणाली, "बाबा?"

आणि फोन कटला.

मी लावून पाहिला. उचलला नाही. हे सोफ्यावर बसले आहेत, मोबाईल दोन्ही हातांत धरून. म्हणाले, "मी काय केलं हे?" मी शेजारी बसली आहे, हे लिहून राहिली आहे. दुकान उघडलं नाही. पंखा बंद आहे.