शकू बंद करा, रंगराव परत आणा

वाघोली, पुणे
६ जानेवारी २०२५

चि. श्यामसुंदर यास मंदाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. 'चौकी नंबर सात' संपून वर्ष झालं आणि आता त्याच मंडळींची त्यातूनच निघालेली नवी मालिका येणार, म्हणून तू हरखलास. मीही हरखले होते, खोटं कशाला बोलू? वाटलं, आपले इन्स्पेक्टर रंगराव परत येणार. शेवटच्या भागात ते बदलीच्या गाडीत बसले आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही, ते अजून माझ्या मनाला लागून आहे. पण काल नात तनयाने जाहिरात दाखवली, तर रंगराव नाहीतच. नायिका कोण, तर कंट्रोल रूममध्ये फोन उचलणारी शकू! 'चौकी'त बिचारीला दोनच वाक्यं होती, 'कंट्रोल बोलतेय' आणि 'गाडी पाठवते'.

असो. आपला नियम कायम. खुनी कोण याचा अंदाज शेवटच्या भागाआधी पोस्टात टाकायचा, शिक्क्याची तारीख हा पुरावा, आणि फोनवर मालिकेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. निकाल लागल्यावर 'मी म्हणालोच होतो' म्हणायची तुझी खोड मोडायला हा नियम करावा लागला, हे विसरू नकोस.

आणि तुझ्या ओळी हल्ली उतरणीला लागल्या आहेत. आखीव कागद आण.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, अक्षर सुधारावे.
मंदाताई

कोथरूड, पुणे
२४ जानेवारी २०२५

ती. मंदाताईस शि. सा. न. वि. वि.

आखीव कागद आणला, पण रेघा फार फिक्या निघाल्या. निवृत्त बाईंनी गुण कापले तरी चालतील.

ताई, शकूची मालिका मला फार आवडली! फार दिवसांनी काहीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजलं. अंधारातला पाठलाग नाही, मुकाट्याने एकमेकांकडे बघत राहणं नाही. फोन वाजतो, माणूस बोलतो, शकू ऐकते. समोरची बाई खोटं बोलतेय हे तिने नुसत्या श्वासावरून ओळखलं. आणि मी तिच्याही आधी ओळखलं, बरं का.

एखाद्या गुरुवारी इकडेच ये ना. सलिल आणि सूनबाई हिंजवडीहून परत येईपर्यंत मालिका संपलेली असते. मी एकटाच असतो. तू शेजारी असलीस तर कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, यावर बोलता येईल. वाघोलीहून कोथरूड म्हणजे परदेश, हे मला मान्य आहे. व्हिसा मात्र लागत नाही.

मोठ्यांनी लोभ ठेवावा, आणि तो घेऊन कधीतरी प्रत्यक्ष यावे.
तुझा,
श्याम

वाघोली, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

चि. श्यामसुंदर यास अ. उ. आ.

तुझ्या आग्रहाखातर भाग पाहिले. ही मालिका आहे की आकाशवाणी? ती बाई खुर्चीवरून उठत नाही. मी मेथी निवडत बसले होते, सगळी जुडी संपली तरी एकदाही मान वर करावी लागली नाही. याला काय बघणं म्हणायचं?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांचं हेच मत पडलं. मग मी वाहिनीला एक निवेदन लिहिलं: 'शकू बंद करा, रंगराव परत आणा.' भाषा अशी कडक केली आहे की वाचणाऱ्याने उभं राहून वाचावं. तनयाने ते इंटरनेटवर टाकलं, तर हा हा म्हणता गावोगावचे लोक त्याखाली आपली नावं घालू लागले. तुझंही नाव मी घातलं आहे. घरच्या माणसाला काय विचारायचं?

गुरुवारचं म्हणशील, तर शकूसाठी मी नगर रस्त्यावर ताटकळणार नाही. रंगराव आले की येईन, डबा घेऊन.

कळावे. तुझा लोभ चुकीच्या मालिकेवर जडू नये, ही इच्छा.
मंदाताई

कोथरूड, पुणे
३ मार्च २०२५

ती. मंदाताईस शि. सा. न. वि. वि.

माझं नाव त्या निवेदनातून काढता येत असेल तर काढ. रागावून म्हणत नाही. मालिका तुला कंटाळवाणी वाटली असेल, पण माझ्या सोयीची आहे. मला शकू हवी आहे.

सध्याची भानगड तर फारच रंगली आहे. बद्रीनाथ नावाचे एकटे राहणारे गृहस्थ रोज कंट्रोलला फोन करायचे की घरात कोणीतरी फिरतंय. कोणी लक्ष दिलं नाही आणि एके दिवशी त्यांचा खून झाला. आता त्यांच्याच घरून शकूला फोन येतो आणि पलीकडचा माणूस काहीच बोलत नाही. नुसता किल्ल्यांचा आवाज. तो आवाज मी आधी ऐकलाय, ताई. खुनी कोण, मला कळलंय! अंदाज नियमाप्रमाणे पाठवीनच.

एकच गुरुवार ये. डबा नको आणूस.

लोभाचं काय, तो आहेच. तू ये.
श्याम

वाघोली, पुणे
२० मार्च २०२५

चि. श्यामसुंदर यास अ. उ. आ.

जिंकलो! शकू बंद झाली. उरलेला भागसुद्धा दाखवणार नाहीत. रंगरावांबद्दल 'विचार करू' म्हणतात. संघात पेढे वाटले, तुझ्या वाटणीचे ठेवले आहेत. नाव मी काढलं नव्हतं, बरंच झालं, यशात तुझाही वाटा राहिला.

तुझं मागचं पत्र मात्र भिंग घेऊन वाचलं. एका ओळीवर दुसरी ओळ चढवून ठेवतोस. या वयात हा काय पोरकटपणा?

कळावे. लोभाबरोबर थोडी शिस्तही असावी.
मंदाताई

कोथरूड, पुणे
२८ मार्च २०२५

ती. मंदाताईस शि. सा. न. वि. वि.

अक्षर सूनबाईचं, सलोनीचं आहे. नावं ठेवशील तर ती तुला चहा देणार नाही.

ताई, माझ्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. दिवाळीपासून समोरचा माणूस मधोमध पुसल्यासारखा दिसतो, कडा तेवढ्या दिसतात. त्याही हळूहळू जातील, असं डॉक्टर म्हणतात. रंगराव परत आले असते तरी मला दिसले नसते. शकू ऐकू येत होती.

तुला फोनवर सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तू दया म्हणून आली असतीस. मला तू भांडायला यायला हवी होतीस, आणि मला थोडंफार दिसतंय तोवर यायला हवी होतीस. म्हणून एवढं गुरुवार गुरुवार करत होतो. तुझ्यावर राग नाही. फक्त बद्रीनाथांना कोणी मारलं ते आता कळायचं नाही, याची चुटपूट लागली आहे. अंदाज पाठवत नाही. पडताळायचा कशाशी?

लोभ होता तसाच आहे.
श्याम

वाघोली, पुणे
४ एप्रिल २०२५

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. सलोनी, हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

श्याम, मान वर करावी लागली नाही, असं मीच लिहिलं होतं. ते तुझ्या किती कामाचं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शाळेत एखाद्या पोराच्या ओळी वाकड्या गेल्या तर मी त्याला जवळ बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगत असे. तुला मात्र नुसता आखीव कागद आणायला लावला. आणि तुझी शकू बंद केली, तीही तुझंच नाव घालून. याची मला लाज वाटते.

वाहिनीला पुन्हा लिहिलं, या वेळी नरम भाषेत, की शेवटचा तेवढा भाग दाखवा. तो चित्रितच झालेला नाही, असं उत्तर आलं. मग तनयाकडून शकूचे सगळे भाग लावून घेतले आणि डोळे मिटून ऐकले. किल्ल्यांचा आवाज मला आधी कुठेच सापडला नाही. तुला सापडला असेल तर तोंडी सांग, आणि खुशाल 'मी म्हणालोच होतो' म्हण. पोस्टाचा नियम मी रद्द केला आहे.

येत्या गुरुवारी सकाळीच निघते. तू खिडकीपाशी उजेडात बस. मी समोर बसणार नाही. कडेला बसेन, म्हणजे तुला दिसेन.

तुझी,
ताई