मांडीतलं बियाणं

३ फेब्रुवारी
शिंकले आणि लुगडं ओलं! तेही भाजीवाल्यासमोर. किती वर्षं हेच चाललंय. शिंक, खोकला, हसू — कशाचाच भरवसा नाही. असल्या अंगानं सोवळं कसलं पाळायचं? म्हणून देवघरात पाऊल टाकत नाही, नैवेद्याला हात लावत नाही. ते सगळं माझा रघुपतीच करतो; त्याला वाटतं, वडील गेले म्हणून आई देवावर रुसली. वाटू दे. खरं काय ते सुनेला ठाऊक, लक्ष्मीप्रियाला.

१० फेब्रुवारी
लक्ष्मीप्रियानं मोपेडवर बसवून डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टर हरिप्रिया आपल्यातलीच, तमिळ मुलखातल्या मराठी घरातली, राजवाड्याकडची. म्हणे, मांडीतला चिमूटभर स्नायू काढायचा. त्यात काही पेशी झोपलेल्या असतात — स्टेम सेल. इजा झाली तरच जाग्या होतात. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि लघवी अडवणारा स्नायू सैल पडलाय, त्यात सुईनं सोडायच्या. "प्रयोगच आहे, वासुकी अत्या. बरें होईलच म्हणून सांगत नाहीं."

साठी उलटली, आणि आपल्याच मांडीत बियाणं साठवलेलं आहे याचा पत्ता नाही! घरी येऊन मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

१७ फेब्रुवारी
आज हरिप्रियाला विचारलं, "त्या पेशींस खायाला काय घालतां?" बिचारीनं लपवलं नाही. वासराच्या रक्तातलं सीरम. तेही न जन्मलेल्या वासराच्या! मी उठलेच.

बाहेर लक्ष्मीप्रिया केवढी भडकली! "अय्यो अम्मा, हेंही नको म्हणून उठलांत तर दुसरें काय आहे?" आणि डोळ्यांत पाणी. हिला एवढं काय लागलं, कळेना.

१८ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. ते वासरू डोळ्यांसमोरून हलत नाही.

२६ फेब्रुवारी
हरिप्रियाचा फोन. "वरच्यांस विचारून घेतलें, अत्या. तुमच्याच रक्ताच्या सीरमवर वाढवूं. जरा सावकाश वाढतील, सेरी?"

सेरी, चालेल म्हटलं! माझंच मांस माझ्याच रक्तावर पोसायचं. ज्यानं हे शोधून काढलं त्याच्या आईला नमस्कार.

९ एप्रिल
हरिप्रियानं मोबाइलवर दाखवलं. काचेच्या बशीत, गेल्या महिन्यात मांडीतून काढलेल्या माझ्या पेशी! भाताच्या दाण्यासारख्या लांबट, निमुळत्या, सगळ्या एका दिशेनं लागलेल्या. दुसऱ्या बशीत त्या एकमेकींना जुळून त्यांचे धागे झालेले. एक धागा हलला. कोणी न सांगता, माझ्याबाहेर राहून, हलला! मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. यांना शिकवलं कोणी?

२४ एप्रिल
सुई टोचली. जळजळ होते. बाकी काही नाही.

११ जून
तसंच आहे. आशा धरायची नाही असं ठरवते आणि रोज सकाळी धरते.

२ सप्टेंबर
ओरत्तनाडूच्या रस्त्यावर मोपेड खड्ड्यातून उडाली. मी किंचाळले, मग पोट धरून हसले — आणि कोरडी! गेले काही दिवस असंच. क्वचित थेंबभर, बस. त्या पेशी आत कामाला लागल्यात. रात्रंदिवस. पगार नाही, सुट्टी नाही!

२२ सप्टेंबर
नवरात्र बसलं. न्हाऊन, सोवळं नेसून देवघरात गेले. गोड पोंगल केला. रघुपती दारातच थबकला, "अम्मा, देवाशीं समेट झाला कीं?" हो म्हटलं. रडत रडतच आरती म्हटली. हात देवापुढे जोडले, पण खरं लिहायचं तर निम्मा नमस्कार मांडीला होता.

२३ सप्टेंबर
लक्ष्मीप्रियाला म्हटलं, उद्याचा नैवेद्य तू कर. ती आत येईना. ताट हातात धरून बाहेरच उभी. मग अगदी हळू म्हणाली, "धाकटा झाल्यापासून मजही तसेंच होत्यें, अम्मा. डॉक्टर मज बघतील काय?"