पीठ बोलिए

मंगळवार, संध्याकाळ. रांझी

शेजारच्या गुड्डूने माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, मोटरसायकलने उडवलं आणि पळून गेला. ती अजून काठीवर चालते, आणि हा आमच्या फाटकासमोर हॉर्न वाजवतो. उद्या माझी साक्ष. तो आत गेला पाहिजे, बस.

आज सरकारी वकिलाला भेटले. गुड्डूच होता, असं ठासून सांगितलं.

"दीदी, चेहरा देखा था?"

हेल्मेट होतं, पण पाठ ओळखते मी त्याची.

"तो पीठ बोलिए. चेहरा बोलेंगी तो मैं ही टोकूँगा."

तुम्ही आमचे वकील की त्याचे?

"शासन का हूँ, दीदी."

शासनाचा म्हणे! काठी काय शासन टेकतं? खोटं बोलू नये हे मलाही शाळेत सिस्टरांनी शिकवलं. त्यांच्या बहिणीला कुणी उडवलं नव्हतं.

घरी सुमनला सांगितलं, वकील म्हणतो, फक्त पीठ बोला.

"काहून ताई, गिरणीवर चालली का?" काठी टेकून हसून राहिली! माझं डोकं आणखीच फिरलं.

ठीक आहे, पाठच सांगीन. पडलेला डावा खांदा, बाहेर काढलेलं कोपर, सगळं. मग जजसाहेबांना म्हणीन, याला जरा माझ्याकडे पाठ करून उभं करा. बघू किती वेळ ताठ राहतो.