हार्दिकभाईंनी थुंकलेली काकडी

निजामपुरा, बडोदे

ती. दत्ताजीदादास, धाकट्या बहिणीचा गुडघ्यांना झेपेल इतका वाकून नमस्कार. तुझी साखर आणि वहिनींचा रक्तदाब आपापल्या जागी असतील असं धरून चालते. मी ठणठणीत आहे, कारण भांडते आहे.

तू पाठवलेल्या, आईच्या परसातल्या काकडीच्या बियांचा वेल आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चांगला दहा हात पसरला आणि तांबड्या भुंगेऱ्यांनी त्याच्या पानांची चाळण केली. पुढे ते लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसायला लागले. झालं! आमचे सेक्रेटरी हार्दिकभाई (वय चौतीस, रुबाब दिवाणसाहेबांचा) यांचं फर्मान निघालं, 'मासी, रविवार सुधीमां वेलो काढी नाखजो,' म्हणजे रविवारपर्यंत वेल काढून टाका, आणि वर गच्चीचा नळ बंद. मी सांगितलं, वेल माझ्या आईचा आहे, आधी मला उपटा.

रविवारी मीटिंग गच्चीवरच भरली. वेलाची बाजू मांडायला मी काकड्या चिरून, मीठ लावून नेल्या (टोक कापून चोळलं होतं, चाखायचं तेवढं राहिलं). पहिलाच तुकडा हार्दिकभाईंनी तोंडात टाकला आणि थू थू करत कठड्यावर थुंकला. कडू जहर! माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात एक भुंगेरा त्या तुकड्यावर येऊन बसला. मग दुसरा. मग सात-आठ. सगळ्यांचा चहा पिऊन झाला तरी एकही हलेना. माझी नात ओवी (युनिव्हर्सिटीत किडेच शिकते) म्हणाली, आजी, आपल्याला कडू ते त्यांना पक्वान्न. काकडीतलं ते कडू द्रव्य तोंडाला लागलं की हे खातच सुटतात. मी लगेच पदर खोचला. म्हटलं, पाणी तुटलं की काकडी कडू होते, मग नळ बंद करून आलेल्या भुंगेऱ्यांना वर आग्रहाचं आवतण दिलं कोणी? हार्दिकभाईंनी स्वतः उठून नळ सोडला. आता नळ चालू आहे, वेल जागेवर आहे, आणि साबणाच्या पाण्यात कडू फोडी ठेवल्या की रोज वाटीभर भुंगेरे बुडतात. मीटिंग हरले असते तरी वेल काढला नसता, हे तुला म्हणून सांगते.

तुझी, अजून न हरलेली,
स्नेहलता

ता. क. शेजारच्या कुंडीत बाजारच्या बियांची काकडी आहे. त्या दिवसांत पाणी तिलाही नव्हतं. ती गोड निघाली. म्हणजे कडूपणा आपल्याच बियांचा. हार्दिकभाईंना हे कळता कामा नये.

ता. ता. क. 'आमच्या आईची काकडी कधी कडू निघाली नाही' असं तू चारचौघांत छाती ठोकून सांगतोस. मीही सांगायचे. आठवून बघ, प्रत्येक काकडी ती आधी स्वतः चाखायची, आणि कितीतरी आपल्या ताटापर्यंत यायच्याच नाहीत. उरलेलं सगळं बी पाठव. कडूच हवंय.