सिंगल का डबल

मु. पो. राजुरी, ता. जुन्नर

श्री. सोमाजीराव यांस राजुरीच्या बाळासाहेबाचा रामराम.

पाकीट बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. हल्ली पत्र कोणी लिहीत नाही हे मलाही कळतं. पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि चुकून उचललात तर 'दाजी, तळेघरला रेंज न्हाई' एवढं वाक्य मात्र अगदी खणखणीत ऐकू येतं. तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं असं समजलं (म्हणजे मी आलो तर फाट्यावरूनच ओळखतील, हेही ध्यानात ठेवलं आहे). रत्नावहिनींना नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तुमची बहीण भाताच्या लावणीसाठी, म्हणजे तुमच्याकडच्या आवणीसाठी म्हणून माहेरी आली. आवणी उरकली, बेणणी-खुरपणी उरकली, आता भात पोटरीला आलं असेल, तरी बाईसाहेबांचा परतीचा विचार दिसत नाही. ती खरी कशामुळे आली हे तिनं तुम्हाला सांगितलंच असेल, पण तिच्या बाजूनं. माझी बाजू ऐकायला घरात फक्त म्हैस आहे, आणि ती ऐकता ऐकता उठून जाते. म्हणून तुम्हाला लिहितो.

यंदा टोमॅटोनं हात दिला. लेक प्रांजल सासरी सुखात आहे. माणूस मोकळा झाला की देवाला तरी लागतो नाहीतर मोटरसायकलला. मी दुसरीकडे लागलो. मोबाईलवर एक इटलीची गाडी बघितली, सुपरमोटो जातीची. सुपरमोटो म्हणजे काय, तर रानावनात उड्या मारायची उंच गाडी घ्यायची आणि तिला डांबरी रस्त्याचे टायर घालायचे. फार मोठी नाही, फार छोटी नाही, मधल्या अंगाची. आणे घाटात एकट्यानं बसून जरा अंगात आल्यासारखी पळवावी, एवढीच माझी इच्छा. (आमच्या शेजारच्या गेणभाऊंना फोटो दाखवला तर म्हणाले, "सुपर मोठी म्हंतोस, आन शीट तर चिंधीएवढं!" मोटो आणि मोठी यातला फरक मी त्यांना समजावत बसलो नाही, कारण सीटबद्दल त्यांचं बरोबर होतं.)

आता निवड करायची तर पुण्याला जाणं आलं. तुमची उज्ज्वला म्हणाली, मीबी येते, रंग मी सांगणार. इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं, हे कृपया लक्षात घ्यावं.

शोरूममध्ये दोन गाड्या होत्या, दोन्ही इटलीच्याच. आधी एक चालवायला दिली. ती इतकी उंच की मी पायरीवरून तिच्यावर चढलो, नवरदेव घोड्यावर चढतो तसा. चालू असेपर्यंत सोमाजीराव, काय सांगू! मनात वळायचं आलं की गाडी आधीच वळलेली. पण सिग्नल लागला आणि पाय खाली सोडला, तर खाली जमीनच लागेना. शेवटी शेजारच्या रिक्षाच्या टपाला धरून उभा राहिलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, चालवायचं नंतर बघा, आधी उतरायचं शिका." सिग्नल सुटला तरी बिचारा माझ्यासाठी थांबला होता. पुण्यात असं सहसा होत नाही.

परत आलो तर घसा कोरडा पडलेला, आणि उज्ज्वला पाणी आणायला पलीकडे गेलेली. तेवढ्यात शोरूमच्या पोरानं विचारलं, "मग सर, सिंगल का डबल?" त्याला विचारायचं होतं इंजिनाबद्दल. मी चालवली त्या गाडीला एक सिलिंडर, दुसरीला दोन. मीही इंजिनाबद्दलच बोललो. मी म्हणालो, "सिंगलच बरी. डबल आता झेपत नाही. वजन केवढं, आवाज केवढा, आणि घाटात नुसती ओढत न्यावी लागते. सिंगल कशी हलकी, मोकळी, मनासारखी वळते."

मागे वळलो तर उज्ज्वला पाण्याचे दोन ग्लास घेऊन उभी.

आता आपल्याकडे डबल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्न झालं तेव्हापासून ती माझ्या गाडीवर डबलसीटच बसत आली. बाजार डबलसीट, लग्नं डबलसीट, दर चतुर्थीला ओझर डबलसीट. मी लगेच म्हणालो, "अगं, मी सिलिंडरबद्दल बोलत होतो." ती म्हणाली, "म्हंजे मी सिलिंडर?" त्या पोरानं मान खाली घालून टाकी पुसायला घेतली. दोन्ही ग्लासांतलं पाणी तीच प्यायली.

परतीच्या यष्टीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मंचरला कंडक्टरनं डबल बेल दिली तेव्हा फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाली, "रत्नाला एकटीला आवणी व्हत न्हाई." घोडेगावपर्यंत सोडतो म्हणालो, तर म्हणाली, "नगं. तुमाला वजन व्हईल." तुमच्याकडच्या यष्ट्यांचं तुम्ही जाणता. डिंभ्याच्या पुढं ती किती चालली कोण जाणे.

परवा चतुर्थीला ओझरला एकटाच गेलो. हारवाल्या सरूबाईंनी सवयीनं गजरा पुढं केला आणि माझ्या मागं बघून म्हणाल्या, "आज जोडीनं न्हाई?" मी म्हणालो, आवणी आहे. त्या म्हणाल्या, "आता कसली आवणी, राव?" गजरा घ्यावाच लागला. तो तसाच हँडलला अडकवून आणला.

तर सोमाजीराव, तुम्ही वडीलधारे आहात, न्याय करा. सिंगल सिलिंडर हलकी, पण थरथरते फार आणि सीट गेणभाऊ म्हणतात तशी. डबल जड, पण चाल मऊ, आणि मागं माणूस माणसासारखा बसू शकतो. दोन्हींचे स्पेअर इटलीहून यायचे, आणि आमच्या भावकीतला माणूस आळेफाट्याहून वेळेवर येत नाही. यात बायकोचा अपमान कुठं आहे, ते मला तरी सापडत नाही. कळावे.

आपला दाजी,
बाळासाहेब

ता. क. : हे पत्र उज्ज्वलाला वाचून दाखवू नका. तिला दिसेल असं ठेवा, म्हणजे झालं.

ता. क. दुसरा : उज्ज्वला, पाकीट तूच फोडणार हे मला माहीत आहे. वरचं सगळं तुझ्या दादासाठी होतं. तू गेल्यापासून जुन्या गाडीवर घाटात एकटाच जातो. तुला वाटत असेल मोकाट सुटला असेल. कांद्याच्या ट्रॅक्टरच्या मागं मागं चालवतो, पुढंसुद्धा काढत नाही. वळणावर माझा शर्ट ओढून "अवो, हळू" म्हणणारं कोणी नसलं की जोरात जाण्यात काही राम नाही, हे मला या वयात कळलं. शोरूमवाल्याचा काल फोन आला, फायनल काय म्हणून. मी सवयीनं बोलून गेलो, घरात विचारून सांगतो. फोन ठेवला, घरात बघितलं, आणि तसाच ओट्यावर येऊन बसलो. करमत नाही गं. गाडीचं काय ते मागाहून बघू. तू ये.